कोहळ्यावरची राख, अळवावरचं पाणी: पांढरी भुकटी नेमकी कशाची?

इंदूरच्या चोइथराम मंडीत पक्का कोहळा उचलला की दोन्ही तळवे पिठात घातल्यासारखे पांढरे होतात. घरी आणून तो नळाखाली धरा, पाणी थेंब थेंब होऊन घरंगळून जातं. ओल्या फडक्यानं घासलात की मग खालून गर्द हिरवी साल वर येते. पुष्कळ घरांत ‘काहीतरी औषध मारलंय’ म्हणून कोहळा आणल्या आणल्या घासूनपुसून ठेवतात, आणि मग तो महिन्याभरात मऊ पडला की विकणाऱ्याला बोल लावतात. ती भुकटी कोहळ्यानं स्वतःच अंगावर चढवलेली असते. ते त्याचं मेण आहे.

शास्त्रात अशा थराला प्रुइना म्हणतात. हा लॅटिन शब्द, अर्थ गोठलेलं दव. माळव्यात जानेवारीच्या एखाद्या पहाटे हरभऱ्यावर जो ‘पाला’ पडतो तोच (आपल्या पालापाचोळ्यातला पाला नव्हे). खरा पाला ऊन चढताच विरघळतो. प्रुइना उन्हात तशीच राहते, कारण ती बर्फाची नसते. पण मग ती कशाची, याचं एकच एक उत्तर नाही. कोहळ्यावर मेण, बथुआवर केसांच्या फुगलेल्या टोकांचे मणी, दगडफुलाच्या काही भाऊबंदांवर खनिजाचे स्फटिक, चतुराच्या पाठीवर पुन्हा मेण, पण वेगळ्या जातीचं. आणि हुबेहूब तशीच दिसणारी मटारवरची भुरी म्हणजे चक्क दुसरा जीव, झाडाचं रक्त पिणारा. पुसायच्या, धुवायच्या किंवा फवारायच्या आधी भुकटी कोणी केली हे ओळखणं म्हणूनच गरजेचं आहे. साधनं फार लागत नाहीत: एक बोट, पाण्याचा थेंब, तेलाचा थेंब आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग.

सुरुवात तेलाच्या थेंबापासून करू. कोहळ्याच्या पांढऱ्या भागावर गोडेतेलाचा एक थेंब टेकवा आणि न चोळता बघत राहा. जिथे तेल पसरलं तिथला पांढरेपणा गेला, हिरवी साल दिसू लागली. मेण मात्र अजून तिथंच आहे. भुकटीचा प्रत्येक कण मुळात जवळजवळ पारदर्शक असतो, मिठाच्या खड्यासारखा. खडा काचेसारखा दिसतो आणि तोच कुटला की पांढरा दिसतो, कारण हजारो कणांच्या कडांवर प्रकाश आपटून चहूकडे विखुरतो आणि कणांच्या मधे हवा असते. तेलानं ती हवा हटवली, विखुरणं थांबलं, रंग गेला. हीच गोष्ट काळ्या द्राक्षावर निळसर झाक आणते. द्राक्षाच्या सालीत निळा रंग नसतो, बोटानं पुसलं की मणी काळाभोर होतो. ब्लूबेरीच्या निळेपणाचं कोडंही असंच सुटलं. २०२४ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तिच्या सालीतला रंग गडद लाल असतो आणि निळा व अतिनील प्रकाश परत पाठवतात ते वरच्या मेणाचे विस्कळीत मांडलेले बारीक स्फटिक. ब्लूबेरी कुस्करली तर रस निळा निघत नाही, तो यामुळेच.

हे मेण बनतं कसं? पानाच्या किंवा फळाच्या सर्वांत वरच्या पेशींमध्ये आधी १६ ते १८ कार्बनची स्निग्धाम्लं तयार होतात. मग त्यांना दोन-दोन कार्बन जोडत साखळी २० ते ३४ कार्बनपर्यंत लांबवली जाते. या लांब साखळ्यांपासून अल्कोहोल, आल्डिहाइड, कीटोन असे निरनिराळे पदार्थ होतात आणि ते सालीवरच्या क्युटिकल नावाच्या पातळ आवरणातून बाहेर येतात. बाहेर आल्यावर त्यांना कोणी आकार देत नाही. ज्या रेणूंचं प्रमाण जास्त, त्यांच्या स्वभावाप्रमाणे स्फटिक आपोआप जमतात: कुठे नळ्या, कुठे चपट्या पापुद्र्या, कुठे काड्या. प्रयोगशाळेत पानावरचं मेण क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून काचेवर वाळवलं तर पुष्कळदा पानावर होते तसेच स्फटिक काचेवरही उगवतात. एकेक स्फटिक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणून भिंगातून तो सुटा दिसत नाही, नुसता धुरकट थर दिसतो. ओळखण्याची ही पहिली खूण: भिंगाखाली दोरे, मणी, केस असं काहीच दिसलं नाही आणि थर सगळीकडे सारखा आहे, तर ते झाडाचं मेण.

‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार ज्यांनी पहिल्यांदा केला त्यांनी हे मेण नीट पाहिलं होतं. अळूच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाचे स्फटिक. थेंब टेकतो तो फक्त टोकांवर, खाली हवा अडकलेली राहते, म्हणून थेंब जवळजवळ गोल राहतो आणि जरा कलताच पळतो. जाताना धूळही घेऊन जातो. विल्हेल्म बार्टलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं तपासताना हे हेरलं: ज्या पानांची पृष्ठं खडबडीत होती ती धुवावीच लागत नव्हती. १९९७ साली त्याचं आणि नाइनह्यूस यांचं काम छापून आलं आणि जगात त्याला ‘लोटस इफेक्ट’ नाव पडलं, कारण कमळाचं पान त्यातलं सर्वांत सरस. स्वयंपाकघरात करून बघा: अळूचं ताजं पान पातेल्यातल्या पाण्यात बुडवून तिरकं धरा. पान चांदीचा वर्ख लावल्यासारखं चमकतं. तो चमकणारा थर हवेचा आहे. बाहेर काढलं की पान कोरडं. आता अंगठ्यानं एक जागा जोरात चोळून परत पाणी टाका. तिथे थेंब बसतो, पसरतो. स्फटिक मोडले. अळूवडीचं पीठ पातळ झालं की पानावरून घसरतं त्याचं कारणही हेच. चिंच-गुळाच्या पाण्यात घट्ट कालवलेलं बेसनच त्यावर धरतं.

कोबीच्या बाबतीत हेच शेतकऱ्याला नडतं. नुसत्या पाण्यात मिसळलेलं कीटकनाशक निळसर पानांवरून गोळ्या होऊन जमिनीवर उतरतं आणि अळ्या मजेत राहतात. म्हणून कोबी, फ्लॉवर, कांदा-लसूण यांच्या फवाऱ्यात लिटरमागे अर्धा ते एक मिली स्टिकर, म्हणजे द्रावण पानाला धरून ठेवणारा पदार्थ, घालायचा असतो. जास्त घातला तर उलटं होतं: द्रावण इतकं पसरतं की पानावर न थांबता ओघळून जातं आणि मेणही दुखावतं.

आता कोहळ्याकडे परत येऊ. कोवळ्या कोहळ्यावर लव असते, टोचणारी. फळ पिकत जातं तशी लव झडते आणि मेण चढतं. म्हणून लव संपलेली, भुकटी सारखी पसरलेली आणि नखानं साल दबत नाही, असा कोहळा पेठ्याला, कोहळेपाकाला आणि सांडग्यांना चांगला. एका बाजूला पिवळट उघडा डाग असेल तर घाबरू नका, तिथे तो जमिनीला टेकलेला होता. ठेवायचा असेल तर चार-पाच सेंटिमीटर देठ राखलेला घ्या, धुवू नका, पुसू नका, गवतावर किंवा सुतळीच्या चुंबळीवर एकेकटा ठेवा, हवा खेळू द्या. असा पक्का कोहळा तीन-चार महिने सहज टिकतो. चिरण्याच्या दिवशी मात्र खुशाल घासून धुवा. इथे एक बारकावा सांगायला हवा. आतलं पाणी राखण्याचं मुख्य काम वरच्या भुकटीपेक्षा क्युटिकलच्या आत मुरलेलं मेण करतं. वरचे स्फटिक ऊन परतवतात, पाणी झटकतात, बुरशीला ओलावा मिळू देत नाहीत, किड्यांचे पाय घसरवतात. तरी जोरात घासताना सालीवर बारीक ओरखडे पडतात आणि आतलं मेणही फाटतं. कूज सुरू होते ती तिथून.

द्राक्षांचंही तसंच. जानेवारी ते एप्रिल नाशिककडून येणाऱ्या द्राक्षांवरचा धुरकट थर हा मण्याचं मेण असतो, त्यात निम्म्याहून जास्त ओलिॲनॉलिक आम्ल नावाचा पदार्थ. तो शाबूत असणं हे घड फार हाताळला गेला नसल्याचं लक्षण. फवारणीचा डाग वेगळा ओळखता येतो: तो मण्याच्या खालच्या टोकाला, थेंब वाळला असेल तिथे, कडा गडद अशा गोल ठिपक्यात जमतो. मेण सगळीकडे सारखं असतं. तरी फवाऱ्याचा सगळाच अंश डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा खाण्याआधी वाहत्या पाण्यात चोळून धुवायचेच. फक्त आणल्याबरोबर धुवून फ्रीजमध्ये ठेवू नका, जितके खायचे तितकेच धुवा.

हे मेण किती पक्कं असतं ते बेदाण्यात कळतं. न बुडवलेले मणी उन्हात वाळायला तीन-चार आठवडे घेतात. बेदाणा करणारे लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाइल ओलिएट, ज्याला ते ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात, मिसळतात आणि घड दोन ते चार मिनिटं त्यात बुडवतात. मेणाची मांडणी विस्कटते, पाण्याला वाट मिळते आणि सावलीत जाळ्यांवर बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार होतो. जास्त वेळ बुडवला तर साल फुटते, मणी चिकट आणि तपकिरी होतो. कमी बुडवला तर बाहेरून वाळलेला, आत ओला.

मेणाची उदाहरणं वाटेवर पुष्कळ सापडतील. शनिवारी मारुतीला घालायच्या रुईच्या माळा ओवताना बोटांना लागतं ते लव आणि मेण दोन्हींचं मिश्रण (पण रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, इजा होते). इंदूरजवळच्या सांवेरकडच्या गव्हाला फेब्रुवारीत जी निळसर-राखी छटा येते ती बीटा-डायकीटोन नावाच्या मेणाच्या नळ्यांची. एरंडाच्या वाणांची तर या भुकटीवरून वर्गवारीच आहे: भुकटी नसलेले, फक्त खोडावर असलेले, खोड आणि पानाच्या मागे असलेले, आणि खोडासकट पानाच्या दोन्ही बाजूंना असलेले. भुकटी जितकी जास्त तितका तुडतुड्यांचा त्रास कमी.

बथुआ मात्र फसवतो. हिवाळ्यात भाजीवाल्याकडे येणारा हा चाकवताचाच प्रकार. त्याच्या कोवळ्या पानांवर, विशेषतः मागच्या बाजूला, साखर भुरभुरल्यासारखं दिसतं आणि निवडताना बोटं चमचमतात. भिंगातून पाहिलंत की गंमत कळते: काचेचे बारीक मणी एकाला एक चिकटून बसलेले. हे मेण नव्हे. पानाच्या केसांची टोकं फुगून झालेल्या पिशव्या आहेत, पाणी आणि क्षार साठवणाऱ्या. ना कीड, ना औषध. धुवून खुशाल पराठ्यात घाला. तिसरा प्रकार पचमढीला दिसतो. तिथल्या दरडींवर काही नेच्यांची पानं मागून पांढरीफेक असतात. पान मनगटावर दाबलं की नक्षी उमटते, मेंदीसारखी पण पांढरी. ती पावडर पानाच्या ग्रंथिकेसांतून पाझरलेल्या फ्लॅव्होनॉइड वर्गातल्या पदार्थांची असते. पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटच्या बोळ्यानं पटकन निघते.

नर्सरीतून एचेव्हेरिया किंवा तसली मांसल पानांची कुंडी आणली असेल तर एवढं पाळा: पानांना बोट लावू नका, पाणी मातीत द्या, पानांवर नको. जुन्या पानावरचं मेण एकदा पुसलं गेलं की त्या जागी ते फारसं परत येत नाही, बोटाचा ठसा पान गळेपर्यंत राहतो.

जेव्हा भुकटी परक्याची असते

मटार, काकडी, बोर, आंबा, द्राक्षवेल यांच्यावरची भुरी ही बुरशी आहे. तिचे दोरे पानाच्या वर पसरतात आणि पेशीत बारीक नळ्या खुपसून अन्न ओढतात. फरक असा: मेण झाडभर सारखं असतं, भुरी ठिपक्यांनी सुरू होते, बहुधा खालच्या जुन्या पानांवर, आणि मग ठिपके एकमेकांत मिसळतात. बोटानं पुसली की खालचं पान निरोगी हिरवं नसतं, पिवळट किंवा काळपट असतं. चार-पाच दिवसांत पुसलेली जागा परत भरते. भिंगात कोळिष्टकासारखे दोरे आणि त्यावर उभ्या बीजाणूंच्या माळा दिसतात. बहुतेक बुरश्यांना रुजायला पानावर पाणी लागतं. हिला लागत नाही. दिवसा कोरडी ऊब, रात्री गारवा, म्हणजे माळव्यातला जानेवारी-फेब्रुवारी, तिला अगदी मानवतो. धो धो पाऊस उलट तिला धुवून काढतो.

उपाय लवकर केला तरच उपयोग. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला दोन ते तीन ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना, सकाळी किंवा संध्याकाळी. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर मारू नका, पानं करपतात. काकडीवर्गीय वेलींना हे लवकर सोसत नाही, आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबा. नीमतेल किंवा दुसरं कुठलं तेल फवारलं असेल तर गंधकात आणि त्यात दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. परसातल्या चार वेलींसाठी एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, हेही चालतं. ब्राझीलमध्ये १९९९ साली झुकिनीवर ते तपासलं गेलं होतं. घट्ट दूध घातलं तर पानांवर दुसरीच बुरशी येते, म्हणून पातळच ठेवा.

जास्वंदीच्या शेंड्यांवरचा कापूस म्हणजे मिलीबग, पिठ्या ढेकूण. हेही मेण, पण किड्यानं घामासारखं अंगावर सोडलेलं. औषध लागू पडत नाही अशी तक्रार असते तिचं मूळ या मेणात आहे: पाणी त्याला शिवतच नाही. आधी गुरफटलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. मग पाण्याची जोरदार धार. मग लिटरला पाच मिली मऊ द्रवसाबण आणि पाच मिली नीमतेल, नीट फेटून, फांद्यांच्या बेचक्यांत पोचेल असं. आठ-आठ दिवसांनी तीनदा. एकदाच फवारून भागत नाही, कारण कापसाच्या पिशवीत दडलेली अंडी वाचतात. अंड्यातून निघालेली पिल्लं पहिले काही दिवस जवळजवळ उघडी असतात आणि दुसरा-तिसरा फवारा त्यांना गाठतो. मुंग्यांची ये-जा तोडा, त्या यांचा गोड मळ खातात आणि बदल्यात शत्रू हाकलतात.

इथे एक चूक वारंवार होते. मिलीबगच्या गर्दीतच एखादा मोठा, लांब झालरींचा पांढरा किडा दिसतो आणि तोच आधी चिरडला जातो. काडीनं डिवचून बघा. मिलीबग जागेवर राहतो किंवा रेंगाळतो, हा तुरुतुरु पळतो. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी असते, मिलीबग खाणारी, त्यांच्यासारखंच मेण पांघरून मुंग्यांच्या नजरेतून सुटलेली. मिलीबग खाणारा क्रिप्टोलिमस भुंगेरा याच कामासाठी १८९८ साली ऑस्ट्रेलियाकडून भारतात आणला गेला. त्याची अळीही अशीच झालरवाली. ती दिसली तर फवारा थांबवा.

सोयाबीनमध्ये ऑगस्टच्या दमट दिवसांत याहून चांगली पांढरी भुकटी दिसते. अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, तिथेच पानाला चिकटून मरते, कडक होते, आधी चुन्यासारखी पांढरी आणि मग पोपटी-हिरवी पडते. हे मेटाऱ्हायझियम रायली या बुरशीचं काम. पांढरा थर तिच्या दोऱ्यांचा, हिरवा बीजाणूंचा. अशा अळ्या शेतात जागोजागी दिसत असतील तर बुरशीनाशक मारणं म्हणजे फुकट मिळालेला राखणदार हाकलणं. बुरशीनं किडा मरतो हे कळलं तेही अशाच भुकटीवरून. इटलीत रेशमाचे किडे चुना फासल्यासारखे होऊन मरत. अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ साली दाखवलं की हा एका बुरशीचा संसर्ग आहे. सूक्ष्म जीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा तो पहिला पक्का पुरावा. पुढे त्या बुरशीला बास्सींचंच नाव मिळालं, ब्यूव्हेरिया बॅसियाना. आज ती बाटलीत भरून कीटकनाशक म्हणून विकली जाते.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार. त्याच्या कडांवर कधी कधी पीठ दिसतं, ते सोरेडिया: शैवालाच्या पेशी आणि बुरशीच्या दोऱ्यांच्या बारीक पुड्या, वाऱ्यानं उडून दुसरीकडे रुजण्यासाठी. दगडांवर आणि सालींवर वाढणाऱ्या काही लायकेनांवर मात्र खरी प्रुइना असते, बहुधा कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या स्फटिकांची. बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडते, ते दगडातल्या, चुन्यातल्या, धुळीतल्या कॅल्शियमशी जुळतं आणि न विरघळणारे कण वर साचतात. उन्हाच्या, कोरड्या आणि चुन्याच्या जागी हा थर दाट असतो. मांडवगडाच्या भिंतींवरची करडी-पांढरी वर्तुळं पाहताना तो चुना उडालेला की लायकेनची प्रुइना, असा प्रश्न पडतो. भिंतीला हात लावू नका, पण घराजवळच्या एखाद्या सुट्या दगडावर व्हिनेगरचा थेंब टाकून बघता येतं: चुना बारीक बुडबुडे सोडतो, ऑक्झॅलेट शांत राहतं. निरीक्षण कोरड्या दिवशी करा, भिजल्यावर थर फिका होतो आणि आतलं शैवाल हिरवं होऊन वर येतं. पावसाळ्यात गुलमोहराच्या बुंध्यावर येणाऱ्या गॅनोडर्मा बुरशीच्या पाठीवरची कोकोसारखी तपकिरी पूड वेगळीच, ते तिचेच खाली गळलेले आणि हवेनं वर फिरलेले बीजाणू. ही बुरशी दिसली तर झाड आतून कुजत असण्याची शक्यता धरा आणि फांद्या तपासून घ्या.

राहिला चतुर. पाऊस ओसरल्यावर इंदूरच्या सिरपूर तळ्याच्या काठच्या गवतात जमिनीलगत बसणारा छोटा निळा चतुर दिसतो, ग्राउंड स्किमर. शेजारीच हिरवट-पिवळा, काळ्या रेघांचा दुसरा असतो. तो निराळी जात नव्हे, मादी आहे किंवा तरुण नर. नर वयात येतो तसं त्याच्या अंगावर मेण साचत जातं, आधी तुटक, मग सगळीकडे, आणि रेघा बुजून तो एकरंगी निळा होतो. जपानी शास्त्रज्ञांनी २०१९ साली याच कुळातल्या एका चतुराचं मेण तपासलं. त्यात अतिशय लांब साखळीचे मिथाइल कीटोन आणि आल्डिहाइड निघाले, आणि ते अतिनील किरण जोरात परतवतात. उघड्या पाण्यावर दिवसभर उन्हात पहारा देणाऱ्या नराला त्याचा आडोसा होतो. हे मेणही कोहळ्यासारखंच घासलं जातं. जुळताना मादी नराच्या पोटाला पायांनी धरते आणि तिथली भुकटी खरवडली जाते. दुर्बिणीतून निळ्या नराच्या पोटावर मधोमध गडद ओरखडे दिसले, तर त्याचं मीलन झालं असण्याचा संभव मोठा.